दोरी

सांत्वनाला गेल्यावर काय बोलावे, हे कोणी कोणाला शिकवत नाही. मोठ्यांच्या तोंडून ऐकलेली चार वाक्ये आपण नकळत उचलतो, वर्षानुवर्षे जवळ बाळगतो आणि प्रसंग आला की त्यांतले एक काढून समोरच्याच्या हातावर ठेवतो. मीही तेच केले. आठ वर्षांपूर्वी माझ्या कार्यालयातल्या, माझ्याहून वयाने बऱ्याच लहान असलेल्या एका सहकारी मुलीचा धाकटा भाऊ इमारतीच्या बांधकामावर परांचीवरून पडून गेला. २६ वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले तेव्हा खोलीत आठ-दहा माणसे गप्प बसली होती आणि ती भिंतीला टेकून भावाच्या मोबाइलच्या चार्जरची वायर बोटाभोवती गुंडाळत होती, सोडवत होती, पुन्हा गुंडाळत होती. मी तिच्याशेजारी बसले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "त्याच्या आयुष्याची दोरी तेवढीच होती गं."

तिचे बोट थांबले. तिने माझ्याकडे पाहिले आणि आवाज जराही न चढवता ती म्हणाली, "ताई, दोरी नव्हतीच. त्यांनी बांधायला दिलीच नव्हती."

खोलीतले कोणी काही बोलले नाही. मीही नाही. परत येताना वाटेत मला आधी लाज वाटली ती शब्द चुकल्याची. जणू दुसरे एखादे वाक्य निवडले असते तर निभावले असते. खरे काय घडले होते ते समजायला काही आठवडे गेले. माझ्या त्या एका वाक्याने ठेकेदार मोकळा झाला होता, मुकादम मोकळा झाला होता, सेफ्टी बेल्ट आणायला पैसे नाहीत असे ज्याने कोणी ठरवले तोही मोकळा झाला होता. ती विचारत होती तो प्रश्न माणसांना उद्देशून होता आणि मी तो परस्पर वरच्या पत्त्यावर पाठवून दिला होता, जिथून उत्तर येण्याची सक्ती नाही.

यातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळेच आमच्यातले पुढचे बोलणे सुरू झाले. माझी श्रद्धा म्हणावी तर ती जेमतेमच आहे. असलीच तर सवयीने उरलेली. ती मात्र मनापासून श्रद्धाळू आहे, तेव्हाही होती, आजही आहे, रोज पहाटे प्रार्थना केल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नाही. म्हणजे जिचा फारसा विश्वास नव्हता तिने श्रद्धेची भाषा वापरली आणि जिचा विश्वास होता तिने ती नाकारली. पुढे कधीतरी मी हे तिला बोलून दाखवले, तेव्हा ती म्हणाली की देवावर विश्वास नसलेल्या माणसांनाच देवाचे नाव इतक्या सहज घेता येते. मला ते लागले. पण खोडून काढता आले नाही.

तेव्हापासून आम्ही बोलत आलो आहोत. सुरुवातीला कामाच्या ठिकाणी जिन्यात, नंतर मी निवृत्त झाल्यावर फोनवर, रविवारी दुपारी, कधी पाच मिनिटे तर कधी दोन तास. श्रद्धा, न्याय, जगण्याचा अर्थ असे जड शब्द आमच्या बोलण्यात क्वचितच आले. पण आता मागे वळून पाहिले तर आम्ही दुसरे काही बोललोच नाही असे वाटते.

त्या काळात मी पुन्हा महाभारतातले वनपर्व काढले. द्यूतात सर्वस्व गमावून पांडव द्वैतवनात राहत असताना द्रौपदी युधिष्ठिराला जे बोलते, ते मी तरुणपणी वाचले होते, पण तेव्हा ते एका रागावलेल्या राणीचे भाषण वाटले होते. धर्माचे रक्षण करणाऱ्याचे धर्म रक्षण करतो असे मी थोरांकडून ऐकत आले, ती म्हणते, पण तो तुमचे रक्षण करताना मला दिसत नाही. मग ती उपमा देते आणि त्या उपमांपाशी या वेळी मी अडखळले: माणूस म्हणजे दोऱ्याने बांधलेला पक्षी, सुतात ओवलेला मणी, वेसण घातलेला बैल. दोरी दुसऱ्याच्या हातात. आणि दोरी हलवणाऱ्याला जर कर्माचे पाप लागत नसेल, तर इथे बळ हेच कारण म्हणायचे, आणि मला कीव येते ती दुबळ्यांची, असे म्हणून ती थांबते.

युधिष्ठिराचे उत्तर प्रसिद्ध आहे. तुझे बोलणे सुंदर आहे, पण ते नास्तिकाचे आहे. मी फळाच्या आशेने धर्म पाळत नाही, द्यायचे म्हणून देतो. धर्माचा व्यापार करणारा सर्वांत हीन. हे उत्तर उदात्त आहे यात शंका नाही, आणि निष्काम वृत्तीचे उदाहरण म्हणून त्याचा गौरव होतो तो योग्यच आहे. माझी अडचण वेगळी आहे. हे बोलणारा माणूस कोण आहे? द्रौपदीला पणाला लावणारा तोच आहे. स्वतःच्या वाट्याला आलेल्या दुःखाबद्दल कोणी असे बोलला तर मी हात जोडीन, पण आपल्या हातून दुसऱ्याच्या वाट्याला गेलेल्या दुःखाबद्दल हेच शब्द काढले की त्यांचा अर्थ पालटतो, शब्द तसूभरही न बदलता. त्या सहकारी मुलीच्या भावाच्या प्रकरणात मुकादमाने दिलेल्या जबाबात 'नशीब' हा शब्द होता. तो शब्द तिच्या आईच्याही तोंडी होता, रोज होता. आईच्या तोंडी तो शब्द म्हणजे आधाराची काठी होती आणि मुकादमाच्या तोंडी पळवाट.

द्रौपदी त्यावर जे म्हणते ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. ती मागे हटत नाही आणि नास्तिकपणाचा शिक्काही पत्करत नाही. मी धर्माचा अवमान करत नाही, ईश्वराचा तर मुळीच नाही. 'आर्ताहं प्रलपामीदम्', मी आर्त आहे म्हणून हे बोलते आहे असे समजा. आणि मी आणखीही विलाप करणार आहे, तो शांत मनाने ऐकून घ्या. एवढे बोलून ती पुढे ज्या विषयाकडे वळते तो विषय आहे कर्माचा, म्हणजे आता करायचे काय याचा. मी हा भाग फोनवर वाचून दाखवला तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "शांत मनाने ऐकून घ्या, हे सांगावे लागले तिला."

ऐकून घेण्याची ही कसोटी बायबलमधल्या ईयोबाच्या कथेतही आहे. सगळी मुलेबाळे आणि सगळी संपत्ती गमावून, अंगभर फोड आलेला ईयोब राखेत बसला आहे हे कळल्यावर त्याचे तीन मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर भेटीला येतात आणि त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून सात दिवस आणि सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसून राहतात, एक शब्दही न बोलता. तिथेच उठून घरी गेले असते तर जगातले सर्वोत्तम मित्र म्हणून त्यांची नोंद झाली असती. पण त्यांनी तोंड उघडले. काहीतरी पाप केले असशील, देव अन्याय करत नाही, कबूल हो आणि शरण जा, असे तिघेही आळीपाळीने सांगत राहिले आणि ईयोब देवाशी भांडत राहिला. शेवटी देव ज्यांच्यावर रागावतो ते देवाची बाजू मांडणारे मित्र आहेत. माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसे बरोबर बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे तो अलीफजला सुनावतो. ज्याची वकिली केली त्यानेच वकीलपत्र नाकारावे, असा हा प्रकार आहे. माझ्या जवळच्या चार वाक्यांपैकी निदान तीन या मित्रांची आहेत, हे मला इतक्या उशिरा कळले.

दुर्दैव कशाला म्हणायचे आणि अन्याय कशाला, यावर आमचे सर्वाधिक बोलणे झाले असेल. ही रेषा आखीव नाही, ती माणसे सरकवत असतात. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चे भरलेली असताना पोर्तुगालमधल्या लिस्बन शहराला भूकंपाने हादरवले. मागोमाग आग लागली आणि समुद्र आत आला. दयाळू ईश्वराच्या जगात हे कसे, असा प्रश्न फ्रेंच लेखक व्होल्तेरने आपल्या कवितेत अतिशय कडवटपणे विचारला. त्यावर १७५६च्या ऑगस्टमध्ये तत्त्वज्ञ रूसोने त्याला एक लांबलचक पत्र लिहिले आणि त्यात जाता जाता एक साधी गोष्ट सांगितली: तिथे सहा-सात मजल्यांची वीस हजार घरे निसर्गाने उभारली नव्हती. लोक विखरून आणि हलक्या घरांत राहत असते तर नुकसान कितीतरी कमी झाले असते. मला यातली मजा अशी वाटते की या वादात ईश्वराची बाजू घेणारा रूसो होता. म्हणजे घरांच्या उंचीकडे बोट दाखवले ते श्रद्धावंताने. ही हकीकत सांगितल्यावर माझी मैत्रीण (सहकारी हा शब्द आता अपुरा पडतो) म्हणाली, "त्यात नवल काय? देवाला मध्ये घातले नाही की माणसे नीट दिसतात. देवाला खोटा पाडायचा असेल तरी तो मध्ये येतोच."

जुडिथ श्क्लार या राज्यशास्त्राच्या अभ्यासक विदुषीने १९९०मध्ये नेमका हाच प्रश्न पुस्तकाच्या सुरुवातीला मांडला: एखाद्या संकटाला दुर्दैव केव्हा म्हणायचे आणि अन्याय केव्हा? त्यांचा रोख असा की ही निवड कोण करतो ते आधी पाहा. ज्याचे काही गेले नाही त्याला दुर्दैव दिसते.

या रेषेवरचा सर्वांत चटका लावणारा संवाद मात्र दोन अतिशय थोर आणि एकमेकांवर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसांचा आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला आणि हजारो माणसे मेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतानिवारणासाठी दक्षिणेच्या दौऱ्यावर होते आणि हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. अस्पृश्यतेविषयी गांधीजींशी सहमत असलेले रवींद्रनाथ या विधानाने व्यथित झाले. नैसर्गिक उत्पाताची कारणे नैसर्गिकच असतात, असे त्यांनी लिहिले. आणि त्याहून टोकदार म्हणजे, असला युक्तिवाद महात्माजींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच अधिक शोभला असता, कारण तेही याच भूकंपाचे खापर महात्माजींच्या चळवळीवर फोडू शकले असते. गांधीजींनी हे निवेदन १६ फेब्रुवारी १९३४च्या 'हरिजन'मध्ये स्वतः छापले आणि सोबत आपले उत्तरही दिले. भौतिक घटना आणि माणसाची नीती यांचा संबंध आपल्याला सिद्ध करता येत नाही, पण ती आपली जिवंत श्रद्धा आहे, असा त्याचा आशय होता.

टीका स्वतःच्याच साप्ताहिकात छापण्याचा तो उमदेपणा आज दुर्मीळ आहे, हे मान्य करूनही मी रवींद्रनाथांच्या बाजूची. मैत्रिणीने मात्र दोघांनाही न सुचलेले असे काही म्हटले, निदान मला तरी ते कुठे वाचल्याचे आठवत नाही. ती म्हणाली, "ज्यांना अस्पृश्य म्हटले जात होते तेसुद्धा त्याच भिंतींखाली मेले असतील ना? मग त्यांना कोणत्या पापाची शिक्षा?" आणि थोड्या वेळाने, "पण गांधीजींचे मन मला कळते. एवढा मोठा अन्याय रोज चालू आहे आणि पृथ्वीला काहीच वाटत नाही, हे त्यांना सहन झाले नसेल." तिच्या बोलण्याची ही रीत मला अजून जमत नाही. मी बाजू घेते, ती माणूस पाहते.

हे सर्वांत लख्ख दिसले ते आम्ही प्लेटो या ग्रीक तत्त्वज्ञाचा 'युथिफ्रो' हा संवाद वाचला तेव्हा. सॉक्रेटिसवर खटला चालायचा आहे आणि न्यायालयाच्या दाराशी त्याला युथिफ्रो भेटतो. तो स्वतःच्या वडिलांवर मनुष्यवधाचा खटला भरायला आला आहे. मग सॉक्रेटिस त्याला छेडत छेडत तो जगप्रसिद्ध प्रश्न विचारतो: एखादी गोष्ट पवित्र आहे म्हणून ती देवांना प्रिय असते, की देवांना प्रिय आहे म्हणून ती पवित्र ठरते? या एका प्रश्नावर गेली चोवीसशे वर्षे माणसे विचार करत आली आहेत आणि तो खरोखरच तेवढा खोल आहे, कारण न्याय हा देवाच्या इच्छेहून वेगळा उभा राहू शकतो की नाही, हे त्यावर ठरते. मी तो प्रश्न मोठ्या उत्साहाने समजावून सांगत होते.

तिने मला थांबवले आणि विचारले, "खटला कोणाच्या खुनाचा होता?"

मला पान उलटून मागे जावे लागले. नॅक्सॉस बेटावर युथिफ्रोच्या कुटुंबाची शेती होती. तिथे कामाला असलेल्या एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या एका गुलामाचा गळा कापला. वडिलांनी त्या मजुराचे हातपाय बांधले, त्याला खड्ड्यात टाकले आणि आता याचे काय करावे हे धर्माधिकाऱ्याला विचारून यायला अथेन्सला माणूस धाडला. दरम्यान मजुराकडे कोणी पाहिले नाही. खुनीच तर आहे, मेला तरी काय बिघडते, असा हिशेब. उपासमार, थंडी आणि बांधलेल्या दोऱ्या यांनी तो मेला, आणि निरोप घेऊन माणूस परत आला तो त्यानंतर.

"आणि त्या मजुराचे नाव?"

नाव नाही. मेलेल्या गुलामाचेही नाही. "दोन माणसे मेली," ती म्हणाली, "आणि नावे उरली ती बोलणाऱ्यांची."

मी हा संवाद विद्यार्थिदशेपासून चार-पाच वेळा तरी वाचला असेन आणि दर वेळी तो खड्डा ओलांडून प्रश्नाकडे धावले होते. खड्ड्यात माणूस पडलेला असताना धर्माचे मत मागवायला माणूस धाडणारे आपण किती जण आहोत! युथिफ्रोची सगळे टिंगल करतात, सॉक्रेटिससुद्धा गोड शब्दांत तेच करतो. आणि तो अहंमन्य आहेच. त्या मजुराबद्दल त्याला दया होती असेही नाही, त्याला भीती आहे ती विटाळाची. तरीही मेलेला परका असो की आपला, मारणे न्याय्य होते की नव्हते एवढेच पाहायचे, हे वाक्य त्या संवादात बोलतो तो युथिफ्रोच. शेवटी तो घाई आहे असे सांगून निघून जातो. संवाद निर्णयाविना संपतो.

नुकसानभरपाईचा दावा चार वर्षे चालला. पैसे मिळाले, चूक कोणी कबूल केली नाही. त्या काळात मी तिला एकदा न राहवून विचारले की तू रोज प्रार्थनेत नक्की मागतेस तरी काय. मला वाटले होते, न्याय म्हणेल. ती म्हणाली, "काही मागत नाही. माझ्या बाजूचा साक्षीदार म्हणून तू हजर राहा, एवढेच म्हणते. बाकी कोणी वर पाहिले नव्हते त्या दिवशी."

ज्यांचा विश्वास अशाच एखाद्या दिवशी गळून पडला त्यांच्याविषयीही आम्ही बोललो आहोत. न्यायाच्या सिद्धान्तावर १९७१मध्ये आलेल्या ग्रंथामुळे जगभर माहीत झालेले तत्त्वज्ञ जॉन रॉल्स तरुणपणी धर्मोपदेशक होण्याच्या विचारात होते. दुसऱ्या महायुद्धात ते पॅसिफिकच्या आघाडीवर गेले आणि परतले तोवर ती श्रद्धा राहिली नव्हती. याविषयी त्यांनी १९९७मध्ये एक छोटा मजकूर लिहून ठेवला, तो त्यांच्या निधनानंतर २००९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक पाद्री आहे, जो सैनिकांना सांगतो की देव आपल्या गोळ्या जपान्यांवर नेमक्या लावतो आणि त्यांच्या गोळ्यांपासून आपल्याला वाचवतो. रॉल्स संतापून त्याला जाब विचारतात. छळछावण्यांच्या बातम्या आहेत. आणि डीकन नावाचा मित्र आहे. मे १९४५मध्ये एके दिवशी सार्जंट दोन स्वयंसेवक मागायला येतो: एकाने कर्नलसोबत टेहळणीला जायचे, दुसऱ्याने जवळच्या रुग्णालयात एका जखमी सैनिकाला रक्त द्यायचे. दोघेही तयार होतात. कोण कुठे जाणार हे रक्तगटावर ठरते. रॉल्स यांचे रक्त जुळले, डीकनचे नाही. त्या टेहळणीत तोफगोळ्यांनी कर्नल आणि डीकन दोघेही मेले.

मी हे सांगत असताना ती मध्येच म्हणाली, "त्या दिवशी वर जाणारा दुसराच होता." मला हे सहा वर्षांत तिने सांगितले नव्हते. पाळी ज्याची होती त्याचा पाय आदल्या दिवशी मुरगळला होता. "तो अजून भेटायला येतो. दाराशी उभा राहतो, आत बसत नाही. मी त्याला मनातून दोष देते असे त्याला वाटते." मग रॉल्स यांच्या विचारातली ती अज्ञानाच्या पडद्याची कल्पना मी तिला सांगितली: समाजाचे नियम ठरवायला बसलेल्या माणसांना आपण गरीब निघू की श्रीमंत, धडधाकट की आजारी, यांतले काहीच माहीत नाही असे समजायचे आणि मग नियम करायचे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ही कल्पना समजायला मला एक सत्र लागले होते. तिने लगेच म्हटले, "म्हणजे परांचीवर आपल्याला चढावे लागेल की दुसऱ्याला, हे ठाऊक नसताना दोरीचा नियम करायचा."

निवृत्तीनंतरचे माझे पहिले वर्ष वाईट गेले. त्याची कारणे सांगत बसण्यासारखी नाहीत. काही गमावले नव्हते, प्रकृती ठीक होती, पैशाची ओढाताण नव्हती, आणि तरीही सकाळी उठल्यावर हे सगळे कशासाठी, असे वाटे. टॉल्स्टॉय यांनी पन्नाशीच्या सुमारास आपल्याला ग्रासलेल्या अशाच प्रश्नाविषयी लिहिले आहे. कीर्ती, जमीनजुमला, भरले घर असूनही मग पुढे काय, याला उत्तर नव्हते, आणि त्या दिवसांत त्यांनी घरातली दोरी स्वतःपासूनच लपवून ठेवली होती. माझी गोष्ट तिथपर्यंत गेली नव्हती. पण एका रविवारी मी तिला विचारले की तुला कधी असे वाटत नाही का. तिने उपदेश केला नाही, डॉक्टरांना भेटलात का असे आधी विचारले, आणि मग म्हणाली, "उद्या सकाळी मोकळ्या आहात का? मला अर्ज लिहायला माणूस हवा आहे."

बांधकामावर मेलेल्या आणि जायबंदी झालेल्या माणसांच्या घरच्यांचे अर्ज होते. कित्येकांकडे कागद नव्हते, हजेरीत नाव नव्हते, ज्याच्याकडे काम केले त्याचे पूर्ण नावही ठाऊक नव्हते. मी लिहीत गेले. त्याने माझी पोकळी भरली, असे म्हणायचे मी टाळते. दुसऱ्याच्या दुःखातून आपल्या आयुष्याला अर्थ मिळवणे यात काहीतरी चोरटे आहे असे मला अजूनही वाटते. टॉल्स्टॉय यांनाही ते वाटले असावे. १८८२च्या मॉस्कोतल्या जनगणनेत प्रगणक म्हणून फिरताना त्यांनी तिथले दारिद्र्य पाहिले आणि त्यानंतर त्यांच्या लेखनातला प्रश्न 'कशासाठी' यावरून 'मग आपण करायचे काय' इथे आला. त्याच नावाच्या पुस्तकात त्यांनी लिहिले की मी एका माणसाच्या पाठीवर बसलो आहे, त्याचा गळा आवळतो आहे, मला वाहून न्यायला लावतो आहे, आणि तुझा भार हलका करण्यासाठी मी वाटेल ते करीन असे सांगतो आहे, पाठीवरून उतरणे तेवढे सोडून. मी ज्या घरात बसून हे लिहिते ते कोणीतरी परांचीवर चढून बांधले आहे. त्याला दोरी होती की नव्हती, हे मला माहीत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी एका कामाहून चालत परत येत होतो. विषय नेहमीचाच होता. मी म्हणत होते की साक्षीदार म्हणून हजर राहणारा, पण हात न घालणारा देव मला पुरत नाही; तो असून नसून सारखाच. ती उत्तर देणार होती. "ताई, साक्षीदार असला की," असे म्हणून तिने वाक्य सुरू केले आणि ती थांबली. रस्त्यालगतच्या इमारतीला रंग देण्याचे काम चालू होते. चौथ्या-पाचव्या मजल्याच्या उंचीवर टांगलेल्या फळीवर माणसे बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरून वर पाहिले आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागली. माणसे चार होती. मग तिने पुन्हा मोजले, या वेळी बोट उचलून, कमरेपासून वर जाणाऱ्या रेषा.

"तीनच आहेत," ती म्हणाली, आणि पिशवी माझ्या हातात देऊन फाटकातून आत गेली.